एक छेद चार

नईमा मॅडमला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. अकोटच्या एसटीतून उतरल्या, शाळेच्या फाटकापर्यंत आल्या आणि तशाच उलट्या पावली फाट्यावर गेल्या. काहून, तर उतरताना कोणाच्या तरी पिशवीला त्यांचा पाय लागला होता. पिशवीत काचेची बरणी असली तर? ती फुटली असली तर? एसटी केव्हाच पुढच्या गावी पोचली होती, पण बाई फाट्यावर उभं राहून रस्त्याकडे पाहत होत्या. मी मनात म्हटलं, चंद्रभान मास्तर, ह्या बाईसोबत आता तुम्हाला रिटायर होईपर्यंत राहायचं आहे.

आमची शाळा दोन मास्तरांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. मधे प्लायवूडचा पडदा, त्यामुळे त्या काय शिकवतात ते मला सगळं ऐकू येतं आणि मी कोणावर खेकसतो ते त्यांना. संध्याकाळी कुलूप त्या लावतात. लावलं की ओढून पाहतात, चार पावलं जातात, परत येऊन ओढतात. खिचडी पोरांच्या आधी स्वतः खातात आणि जरा वेळ वाट पाहतात, आपल्याला काही होतं का म्हणून. पर्समध्ये सेफ्टीपिना, मलमपट्टी, जलसंजीवनीची पुडी आणि एक शिटी. शिटी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "असू द्या सर, कोणी हरवलं बिरवलं तर."

मी त्यांचं नाव काळजीबाई ठेवलं होतं. तोंडावरच म्हणायचो. "मॅडम, मन चिंती ते वैरी न चिंती," असं म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "वैऱ्याला एवढा वेळ कुठं असतो सर."

पण शिकवायला बसल्या की बाई दुसरीच. त्यांचे अब्बा अकोटला शिलाईकाम करायचे. सव्वा मीटर, पाऊण मीटर, दीड वीत, हे शब्द ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्यामुळे अपूर्णांक हा त्यांचा हातखंडा धडा. घरून ज्वारीची भाकर आणायच्या, कात्री आणायच्या, कापडाच्या चिंध्या आणायच्या. अर्ध्या वर्गाला भाकरीचे तुकडे खाऊन टाकायची घाई. एकदा त्यांनी विचारलं, पावणेदोन म्हणजे किती? तर पियुष नावाचं एक पोट्टं उठून म्हणे, "दोन पावणे, मॅडम. एक मामा अन् एक मामी." आमच्याकडे पाहुण्याला पावणाच म्हणतात, त्याची काय चूक? पडद्याच्या अलीकडे मीही हसलो, पण मॅडम हसल्या नाहीत. दुपारी मला म्हणाल्या, "सर, मी जे बोलते ते यांना भलतंच ऐकू जातं की काय?"

मी म्हटलं, "मॅडम, पोट्टे आहेत. ऐकू गेलं हेच लय झालं."

मग छेद आला. मॅडमनी भाकर वर धरली आणि विचारलं, "छेद म्हणजे काय? छेदणे. कापणे. खालचा आकडा सांगतो, किती तुकडे कापायचे. म्हणा, एक छेद चार." पोरं एका सुरात म्हणू लागली. एक छेद दोन, एक छेद तीन, एक छेद चार. दोन दिवस तेच चाललं होतं, माझी पहिलीतली पोरंही खेळताना तेच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी अंश शिकवला. वरचा आकडा म्हणजे त्यातले किती तुकडे घ्यायचे. तोही चांगला शिकवला, मी साक्षीला आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गाला विचारलं, घरी कोणाला अपूर्णांक लागतो? चौथीतली आचल उभी राहिली. लहानखुरी पोरगी, गावाबाहेर शेतातच राहणारी, कधी न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, मी आबाले रोज एक छेद चार गोळी देतो."

"कसली गोळी गं?"

"रक्त पातळ व्हायची. त्याईच्या पायात रक्ताची गाठ झालती. बाबानं अकोल्यावून आणली. पाकिटावर तसंच लिवलं हाय, एक छेद चार. बाबा म्हणे, तुले शाळेत शिकवून राहिले, तूच वाच अन् तूच दे."

मॅडमचा आवाज आनंदाने भरून आला. "शाब्बास," म्हणाल्या. "बघा रे, याला म्हणतात शिकणं. टाळ्या वाजवा." वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गानेही वाजवल्या, त्यांना काय, निमित्त पाहिजे.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. सुटताना आचल एक जांब घेऊन आली. आता पुणेकर याला पेरू म्हणतील, आमच्याकडे जांबच. चांगला ताटलीत मावेल न मावेल एवढा. मॅडम म्हणाल्या, "अगं, माझी दाढ दुखते. मला एक छेद चार दे, बास झालं." पोरगी खिचडीच्या खोलीतून चाकू घेऊन आली, जांब कापला, ताटली मॅडमच्या हातात दिली आणि मैत्रिणी पुढं गेल्या म्हणून पळत सुटली.

मॅडम हसत हसत माझ्याकडे आल्या. "पाहा सर, पाव मागितला, पोरीनं पुरा दिला." ताटलीत चार फोडी. मी मिठासोबत दोन खाल्ल्या. एक त्यांनी तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला.

"सर, ती आबांना गोळी कशी देत असेल?"

"कशी म्हणजे? पाण्यासोबत."

त्या हसल्या नाहीत. ताटलीकडे पाहत एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "एक. छेद. चार. एक गोळी घ्या, कापा, चार द्या."

मी म्हटलं, मॅडम, आता हद्द झाली. देवमन, म्हणजे आचलचा बाप, काय आंधळा आहे? घरात मोठी माणसं आहेत. साप साप म्हणून भुई कशाला धोपटता? पण त्या ऐकतच नव्हत्या. "अंश शिकवला त्या दिवशी ती नव्हती. बाप अकोल्याला गोळ्या आणायला गेला होता, ही आबांजवळ थांबली होती. दुसऱ्या दिवशी आली, तर मी तिला वेगळं समजावलं नाही. आणि सर, काल ती उशिरा आली तेव्हा काय म्हणाली? आबाच्या दाताले रक्त येऊन राहिलं." तेही मला आठवलं. दातून कडक असेल, असं मीच पडद्याआडून सांगितलं होतं.

रक्त पातळ करायची गोळी, तीही चौपट, आणि म्हाताऱ्याच्या हिरड्यांतून रक्त. मी देवमनला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तेवढ्यात फाट्यावर अकोटची एसटी आली. कंडक्टर ओळखीचा, तो मॅडमसाठी थांबला, घंटी वाजवली, हात केला. ज्या बाई ह्या गाडीसाठी अर्धा तास आधी जाऊन उभ्या राहतात, त्यांनी त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी मोटारसायकल काढली. मागे बसताना विचारतात कशा, "सर, हेल्मेट?" मी म्हटलं, बसा आता गुपचाप.

शेताची वाट म्हणजे काळी माती. हरभऱ्याला पाणी सुरू होतं, पाटाचं पाणी वाटेवर आलेलं. थोडं पुढं गेलो आणि चिखल चाकात असा भरला की गाडी जागची हलेना. ती तिथंच टाकून आम्ही पायी निघालो. मॅडमच्या चपला हातात, सलवार पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली. चालता चालता पुटपुटत होत्या. मला वाटलं दुआ म्हणतात. कान दिला तर म्हणत होत्या, "कापायला शिकवलं, घ्यायला नाही शिकवलं. कापायला शिकवलं, घ्यायला नाही शिकवलं." मला स्वतःला भीती वाटत होती. शेतात माणसांची गर्दी तर दिसणार नाही ना, असं वाटून मी मान उंच करून पाहत होतो.

गर्दी नव्हती. खुशालराव आबा अंगणात उन्हाला बाज टाकून बसले होते. मला हायसं वाटलं, पण जवळ गेलो तेव्हा ते गेलं. दोन्ही हातांवर काळेनिळे डाग, कोणी बदडल्यासारखे. मांडीवरच्या दुपट्ट्याला रक्त लागलेलं.

"या मॅडम, या गुरुजी. पोट्टीनं काई कुटाणा केला का शाळेत?" म्हाताऱ्याचा सूर मजेत होता.

"आबा, हे रक्त?"

"नाकातून येते जरासं. उष्णता झाली. अन् हे डाग कायचे, मले बी समजून नाही राहिलं. बाजेची पाटी लागली असन."

तेवढ्यात आचल घरातून आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोळीचा बारीकसा तुकडा. मॅडमना पाहून तिचा चेहरा उजळला. "मॅडम, पाहा, दुपारचाच देऊन राहिली होती. सकाळी एक, दुपारी एक, सांजच्याले एक अन् झोपताना एक. एकबी टाइम नाही चुकवला."

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या बाई रडतील किंवा किंचाळतील. कुलपासाठी चारदा मागं फिरणारी बाई ती. पण त्यांनी हात पुढं केला, पोरीच्या तळव्यावरचा तुकडा उचलला आणि मुठीत घेतला. "आजची राहू दे गं. ही गोळी आबांना मानवत नाहीये, आपण बदलून आणू." आवाज रोजच्यासारखा होता. मग त्या बाजेवर आबांजवळ बसल्या आणि विचारलं, "डोकं दुखतं का आबा?"

"रातीपासून ठणकून राहिलं थोडं."

डोक्यात रक्त उतरलं की माणूस राहत नाही, एवढं मलाही माहीत आहे.

म्हातारा दवाखान्यात यायला तयार नाही. हरभऱ्याचं पाणी कोण पाहील, म्हणे. मी खेकसलो, "आबा, हरभरा मी पाहतो, उठा तुमी." शेजारच्या बगीच्यात संत्र्याचे क्रेट भरायला पिकअप आली होती, ती मी जवळजवळ ओढूनच आणली. आचलची आई शेतातून धावत आली, तिच्याजवळ पोरीला ठेवलं. अकोटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये घालून अकोल्याला धाडलं. सगळ्या रस्त्याने मॅडम आबांशी बोलत होत्या. झोपू द्यायचं नाही म्हणून त्यांना जुन्या जत्रेतल्या गोष्टी विचारत होत्या. आबा मधेच थांबले की मॅडम लगेच पुढचं विचारायच्या.

अकोल्याला इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्त पाण्यासारखं झालं होतं. डोक्यात अजून काही नाही. पण उद्या आणलं असतं तर मी हे म्हणू शकलो नसतो." तेव्हा मॅडमनी मूठ उघडली. तुकड्याचा भुगा झाला होता.

देवमन दिवस मावळताना पोचला. "दुकानदारानं सांगितलं होतं, चार तुकडे करजा. तेवढं मी ध्यानात ठेवलं. बाकी लिवलेलं आचलले वाचाले देल्लं." बोलता बोलता रडायला लागला. "मायाच पोरीनं माया बापाले मारलं असतं, मॅडम."

"हे पुन्हा बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "इथंही नाही, घरी तर नाहीच."

पण गाव ते गाव. भिंतीला कान असतात, शेतात तर भिंतीही नसतात. सोमवारी पियुषनेच मला विचारलं, "सर, आचलनं आबाले जहर देल्लं म्हणे?" मी त्याला जे बोलायचं ते बोललो, पण त्याच्याआधी ते पोरीच्या कानी गेलं होतं. ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई सांगे, चाकूला हात लावत नाही, भाकरसुद्धा मोडत नाही, आईने मोडून दिली तर खाते.

मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. आचल दाराआड उभी. मॅडम उंबऱ्यावर बसल्या आणि तिला सगळं खरं सांगितलं. चार तुकड्यांतला एकच द्यायचा होता. तू होतीस त्या दिवशी मी कापायचं शिकवलं, घ्यायचं शिकवलं त्या दिवशी तू नव्हतीस. तुला पुन्हा सांगायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

पोरगी दाराआडूनच म्हणाली, "मंग तुमी टाळ्या काहून वाजवल्या?"

परतताना मी त्यांना काळजीबाई म्हटलं नाही.

आबा घरी आले. रक्त ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली, रोज पाव, संध्याकाळी. देवमन म्हणाला, आता मी देतो. आबा म्हणाले, देईन तर आचल देईन, नाही तर मले गोळीच नाही पाहिजे. घरात भांडण. शेवटी मॅडमना विचारायला आले. त्यांच्याइतकी भीती त्या घरात कोणालाच वाटत नव्हती, दुधानं तोंड पोळलेलं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण म्हणाल्या, "आचलच देऊ द्या. पण मला रोज सांगायचं."

आबांची जुनी चुन्याची डबी होती. मॅडमनी ती उकळत्या पाण्यात दोनदा धुतली, तिसऱ्यांदा धुवायला निघाल्या तेव्हा मी काढून घेतली. गोळीचे चार तुकडे करायचे, एक द्यायचा, बाकीचे डबीत. आचल शाळेत यायला लागली. रोज सकाळी फाटकाशी मॅडम उभ्या, आणि ती लांबूनच हात वर करायची. तीन बोटं, म्हणजे डबीत तीन तुकडे. दुसऱ्या दिवशी दोन. मग एक. मग बंद मूठ, म्हणजे गोळी संपली, संध्याकाळी नवी कापायची. बाकी ती पोरगी बोलत नव्हती. वर्गात काही विचारलं तर पायांकडे पाहायची. मॅडमना घोर लागला होता की म्हातारा वाचला, पण पोरगी आता जन्मभर तोंड उघडणार नाही.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी मी फाट्यावर आलो, तर धुकं पडलेलं आणि त्या धुक्यात आचल एकटीच दगडावर बसलेली. अंगात स्वेटर नाही, मुठीत डबी घट्ट धरलेली. मी गाडी थांबवली. "काय झालं? आबा बरे हायेत ना?"

"मॅडमलेच सांगतो," म्हणाली.

"अगं, मला सांग ना."

"मॅडमलेच."

मला राग आला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच. अकोटची गाडी त्या दिवशी नेमकी उशिरा. आली तेव्हा दारात मॅडम, आणि आचलने हात वर केला. दोन बोटं. आदल्या दिवशीही दोनच होती. मॅडमचा पाय पायरीवरच राहिला. कंडक्टर म्हणाला, उतरा ना बाई.

"दोन काहून? एक पाहिजे होता ना?" उतरता उतरताच त्यांनी विचारलं. घाईत वऱ्हाडीच तोंडात आलं.

"काल पावणे आलते, मॅडम. मामा अन् मामी. मी विसरून गेली. सकाळी डबी उघडली तं दोन. आबा म्हणे, आज दोन देऊन टाक, हिशोब बराबर होते. मी नाही देल्ले."

मॅडमनी तिथंच रस्त्यावर दवाखान्यात फोन लावला. राहिलेली राहिली, भरून काढायची नाही, आज एकच. त्यांनी ते पुन्हा विचारून घेतलं, मग पोरीकडे वळल्या. "एकच, आचल. तुला काय वाटलं होतं?"

"मले बी एकच वाटलं होतं."

"मग इतक्या थंडीत इथं येऊन काहून बसलीस?"

आचलने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "वाटलंच होतं ना फक्त, मॅडम. माहीत थोडीच होतं. म्हून विचाराले आली."

शाब्बास हा शब्द मॅडमच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तो त्यांनी गिळला. आपली शाल काढून पोरीभोवती गुंडाळली आणि डबी उघडली. तुकडे मोजले. झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मोजले, आणि आचलही टाचा उंचावून त्यांच्यासोबत मोजत होती. मी गाडीवर बसून थांबलो. त्यांचं समाधान झालं तेव्हा आम्ही तिघं शाळेकडे निघालो.